जॅक नॉर्थ्रप: विमान मोडलं, वेल्डिंग टिकलं

वर्कशॉपमध्ये ज्याला सगळे नुसतं 'आर्गन' म्हणतात, ते टिग वेल्डिंग. त्याच्या एसी-डीसी इन्व्हर्टर मशीनवर 'एसी फ्रिक्वेन्सी' नावाची एक सेटिंग असते. मी सॉफ्टवेअरवाला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी लोखंडाचे दोन तुकडे जोडले, एवढंच माझं वेल्डिंग. ही सेटिंग कशासाठी, हे शोधत गेलो आणि पोचलो एका विमानवाल्यापाशी.

कॉलेज नाही, तरी विमानं

जॅक नॉर्थ्रप यांचा जन्म १८९५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत झाला, पण ते वाढले कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात. शिक्षण हायस्कूलपर्यंतच. गॅरेजमध्ये मेकॅनिकचं काम केलं, ड्रॉइंग काढली. १९१६ मध्ये ते गावातल्याच लॉकहीड बंधूंच्या विमान कारखान्यात लागले. १९२७ चं लॉकहीड व्हेगा हे त्यांचं डिझाइन. १९३२ मध्ये अमेलिया इअरहार्ट यांनी एकटीने अटलांटिक ओलांडला, तो व्हेगामधूनच.

पण नॉर्थ्रप यांच्या डोक्यात वेगळंच होतं: शेपूट नाही, धड नाही, नुसता पंख असलेलं विमान. १९३९ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

मॅग्नेशियमची अडचण

महायुद्धात अ‍ॅल्युमिनियमचा तुटवडा पडेल अशी भीती होती. म्हणून एक्सपी-५६ हे बिनशेपटीचं लढाऊ विमान मॅग्नेशियमचं करायचं ठरलं. आता ते जोडायचं कसं? तापलेलं मॅग्नेशियम हवेत पेट घेतं. फ्लक्स वापरला तर मागे राहिलेला अंश धातू खातो.

नॉर्थ्रप यांच्याकडचे इंजिनिअर रसेल मेरेडिथ यांनी मार्ग काढला. टंगस्टनच्या टोकातून आर्क आणि भोवती हेलियम वायूचं कवच, म्हणजे हवा आतच येत नाही. १९४२ मध्ये पेटंट मिळालं. नाव पडलं 'हेलिआर्क'. आजचं टिग ते हेच.

विमानाचं मात्र काही खरं नव्हतं. एक्सपी-५६ सप्टेंबर १९४३ मध्ये उडालं आणि पुढच्याच महिन्यात जमिनीवर वेगात धावताना टायर फुटून मोडलं. पायलट वाचला. दुसरं विमान बनलं, पण प्रकल्प तिथेच संपला.

मग एसी आणि हर्ट्झ कशाला?

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर. थर हटेपर्यंत खालचा पातळ पत्रा वितळून भोक पडतं. टंगस्टन पॉझिटिव्ह ठेवला तर थर निघतो, पण टंगस्टनच फार तापतो. निगेटिव्ह ठेवला तर उष्णता जॉबमध्ये जाते, पण थर तसाच राहतो. एसीमध्ये दोन्ही कामं आलटून पालटून होतात.

हे आलटणं सेकंदाला किती वेळा, ती फ्रिक्वेन्सी. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर ती वीजपुरवठ्याचीच: आपल्याकडे ५० हर्ट्झ. इन्व्हर्टरवर ती आपण ठरवतो. कमी ठेवली तर आर्क पसरट होतो, वाढवली तर निमुळता होतो आणि हलत नाही. पातळ पत्र्याच्या कडेला किंवा कोपऱ्यात नेमकी जागा तापवायची असते, म्हणून १०० ते १५० हर्ट्झपासून सुरुवात करायची.

एक गैरसमज टाळा: फ्रिक्वेन्सीने उष्णता ठरत नाही, ती अँपिअरने ठरते. १.५ मिलिमीटर पत्र्याला अंदाजे ६० अँपिअर. तरीही भोक पडत असेल तर आधी अँपिअर कमी करा, हर्ट्झला नंतर हात लावा.

शेवटचा पंख

नॉर्थ्रप यांनी पंखाचा नाद सोडला नाही. १९४७ मध्ये वायबी-४९ हे जेट इंजिनाचं पंख-विमान उडालं. दोन टोकांमधलं अंतर १७२ फूट. पण हवाई दलाने तोही प्रकल्प रद्द केला आणि बनत असलेली विमानं भंगारात काढली. १९५२ मध्ये नॉर्थ्रप कंपनीतून बाहेर पडले.

१९८० मध्ये त्यांना खास परवानगी काढून कंपनीत नेण्यात आलं. तब्येत ढासळली होती, बोलणंही जमत नव्हतं. तिथे त्यांच्या हातात एका गुप्त विमानाचं छोटं मॉडेल दिलं गेलं. नुसता पंख! पुढे बी-२ म्हणून जगाला कळलेलं हेच ते विमान. त्याचा पंखही १७२ फुटांचाच. १९८१ मध्ये नॉर्थ्रप गेले. बी-२ उडालं १९८९ मध्ये, ते पाहायला ते नव्हते.

मला त्यांच्या आयुष्यातला हा हिशेब फार लागतो. ज्या विमानासाठी जोड शोधला ते कधी कामाला लागलं नाही. जोड मात्र सायकलच्या फ्रेमपासून रेडिएटरपर्यंत सगळीकडे पोचला.