घरच्या प्रिंटरवर घडीची पुस्तिका आणि गणपत कृष्णाजींचा लाकडी छापखाना

घरच्या घरी वर्डमधून घडीची पुस्तिका कशी छापायची, ते आज सांगणार आहे. पण त्यासोबत एका माणसाची गोष्टही सांगतो. १८३१ साली मुंबईत याच खटपटीत पडलेला हा माणूस म्हणजे गणपत कृष्णाजी पाटील. मराठी माणसाच्या मालकीच्या छपाईची सुरुवात त्यांच्यापासून झाली असं मानतात.

आधी माझी फजिती ऐका. आम्ही केळझरचे. टेकडीवरच्या गणपतीमुळे तुम्हाला गाव माहीत असेल. आमच्या गल्लीतल्या गणपतीसाठी आठ पानांची आरतीची पुस्तिका करायची होती. बाजारात अशा पुस्तिका मिळतात, पण आजीच्या वहीतली दोन पदं त्यात नसतात. ती आजी म्हणते आणि तिच्यामागे आम्ही म्हणतो. वही जुनी झाली, पानं सुटायला लागली. म्हटलं, यंदा छापूनच टाकू.

मी काय केलं? एका कागदावर दोन पानं हा पर्याय निवडला, दोन्ही बाजूंनी छपाई लावली आणि एकदम साठ प्रती काढल्या. घडी घातली तर पान १ गेलं मागे आणि पान २ झालं मुखपृष्ठ! आतली बाजू तर चक्क उलटी, डोकं खाली. एकशेवीस कागद वाया. त्या रात्री चूक शोधता शोधता मी गणपत कृष्णाजींपर्यंत पोचलो.

पाहून शिकलेला माणूस

त्या काळी मुंबईत मराठी छपाई होती, पण ती मिशनऱ्यांच्या हातात. अमेरिकन मिशनने १८१७ मध्ये आठ पानांची एक छोटी मराठी धर्मपुस्तिका छापली. माझ्या आरतीएवढीच पानं! आपल्या पोथ्या मात्र अजून हातानेच लिहिल्या जात. एक प्रत हवी तर कुणीतरी बसून सगळी उतरवायची.

मिशनची छापील पुस्तकं पाहून गणपत कृष्णाजींच्या मनात आलं की आपलेही ग्रंथ असेच छापावेत. ते भंडारी समाजातले होते. पाठीशी सरकार नव्हतं, मिशनही नव्हतं. त्यांनी स्वतःच्या घरी लाकडी छापयंत्र बनवलं. मग दगडाचे छोटे तुकडे मिळवून त्यावर प्रयोग सुरू केले. शाईही स्वतःच तयार केली. यूट्यूब नाही, मॅन्युअल नाही. बिघडलं की पुन्हा करायचं, एवढंच.

दगडावर छपाई म्हणजे काय?

याला शिळाछाप म्हणतात. जर्मनीतल्या सेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास ही पद्धत शोधली. तिचं तत्त्व साधं आहे, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने अक्षरं उमटवायची आणि दगड ओला करायचा. मग शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना चिकटते, ओल्या जागेला नाही. त्यावर कागद दाबला की छाप तयार.

यात अक्षरं दगडावर आरशातल्यासारखी उलटी असावी लागतात, तरच कागदावर सुलटी येतात. म्हणून मजकूर आधी कागदावर लिहून तो दगडावर उतरवत.

आता फोनच्या भाषेत सांगतो. शिळाछाप म्हणजे स्कॅन केलेलं पान. हस्ताक्षर जसं असेल तसंच छापून येतं, फॉन्ट लागत नाही. देवनागरीत जोडाक्षरं, मात्रा, रफार यांचे शेकडो खिळे पाडावे लागत. दगडाला यातलं काहीच नको होतं. एक चांगला लेखनिक असला की काम झालं.

पंचांग आणि तुपाची शाई

१८३१ साली, म्हणजे शके १७५३ मध्ये, गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं. तोवर पंचांग हाताने लिहिलेलं असे आणि जोशीबुवा घरोघरी जाऊन वाचून दाखवत. आज तिथी कोणती हेसुद्धा दुसऱ्याला विचारावं लागे. ते आता छापून आपल्या घरात आलं. कॅलेंडर ॲप पहिल्यांदा फोनमध्ये आलं तेव्हा कसं वाटलं असेल, तसंच म्हणा ना.

पण लोकांनी लगेच हातात घेतलं नाही. छपाईच्या शाईत तेव्हा प्राण्याची चरबी असे, म्हणून छापील कागद सोवळ्यात चालत नसे. त्यावर त्यांनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असं मुद्रणाच्या इतिहासात सांगतात. मला यातली एक गोष्ट फार आवडली. लोकांना मागासलेले म्हणत ते बसले नाहीत. अडचण नेमकी कुठे आहे ते पाहून शाईच बदलली.

पुढे १८४० नंतर त्यांनी खिळ्यांच्या छपाईतही हात घातला. मराठी अक्षरांचे साचे करून खिळे ओतले. म्हणजे आधी स्कॅनवर काम भागवलं, मग स्वतःचा फॉन्टही तयार केला! सुबक छपाईसाठी त्यांचं नाव झालं. १८६० मध्ये ते वारले. तीनच वर्षांनी, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात त्यांच्या या खटपटीची नोंद केली. १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना निघाला, पण ती वाट आधी यांनी पाडली होती.

माझं चुकलं कुठे?

पोथीची पानं सुटी असतात, एकाखाली एक ठेवली की झालं. घडी घातलेल्या पुस्तकाचं तसं नाही. एका कागदावर शेजारी छापलेली पानं वाचताना शेजारी येत नाहीत. कोणत्याही छापखान्यात हा हिशोब करावाच लागतो. आठ पानांसाठी तो असा:

- पहिला कागद, वरची बाजू: ८ आणि १
- पहिला कागद, मागची बाजू: २ आणि ७
- दुसरा कागद, वरची बाजू: ६ आणि ३
- दुसरा कागद, मागची बाजू: ४ आणि ५

युक्ती लक्षात ठेवा. प्रत्येक जोडीची बेरीज ९ येते, म्हणजे एकूण पानांपेक्षा एक जास्त. सोळा पानं असतील तर बेरीज १७. पानांची संख्या चारच्या पटीत हवी, कमी पडली तर कोरं पान सोडा.

हा हिशोब कॉम्प्युटर करून देतो:

१. वर्डमध्ये लेआउट, मार्जिन्स, कस्टम मार्जिन्स इथे जा. मल्टिपल पेजेसमध्ये बुक फोल्ड निवडा. कागद ए-४ ठेवा. हे सुरुवातीलाच करा, नंतर केलं तर मजकूर हलतो.

२. लिबरऑफिस रायटर फुकट आहे. त्यात पान ए-५ ठेवा आणि प्रिंट करताना ब्रोशर हा पर्याय निवडा.

३. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर पान ए-५ करून पीडीएफ काढा. मग कॉम्प्युटरवर ॲडोबी रीडरमध्ये प्रिंट करताना बुकलेट निवडा.

४. दोन्ही बाजूंनी छापताना ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’ हवं. लाँग एज ठेवलं की माझ्यासारखी मागची बाजू उलटी येते.

५. प्रिंटर एकाच बाजूने छापत असेल तर वर्डमध्ये मॅन्युअली प्रिंट ऑन बोथ साइड्स निवडा. एक बाजू झाली की कागद कसा परत घालायचा, ते एका प्रतीवर पाहून घ्या.

६. दुकानातून प्रिंट काढणार असाल तर वर्ड फाइल नेऊ नका, पीडीएफ न्या. तिथे तुमचा मराठी फॉन्ट नसेल तर अक्षरं बिघडतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, साठ प्रती काढायच्या आधी एकच काढा, घडी घाला, वाचा.

आजीची पदं मी टाइप केलीच नाहीत. वहीची पानं खिडकीपाशी उजेडात ठेवून फोनने काळी-पांढरी स्कॅन केली आणि पान ४ व ५ वर चित्र म्हणून टाकली. बरोबर मधली जोडी, पिना मारतो तिथे पुस्तिका आपोआप उघडते. संध्याकाळी आरतीला पुस्तिका वाटल्या. आजीने मधलं पान उघडलं आणि स्वतःचं अक्षर पाहून चष्मा पुसला. यंदा पहिल्यांदा सगळी गल्ली तिची पदं तिच्या मागे नाही, तिच्या बरोबर म्हणत होती.

तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल ना? पानं सुटायच्या आत स्कॅन करून ठेवा.