अक्षरांना बोलतं करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी



नालासोपाऱ्याच्या स्तूपावर आपल्यातले बरेच जण वंदनेला जाऊन आलेत. पण तो उजेडात कोणी आणला, हे मुलांना विचारलं तर सांगता येत नाही. म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

भगवानलाल यांचा जन्म 1839 साली जुनागडला, ब्राह्मण घरात झाला. गावाजवळच गिरनारची शिळा. तिच्यावर सम्राट अशोकाचे लेख, इ.स. 150 च्या सुमाराचा रुद्रदामनाचा लेख आणि पाचव्या शतकातला स्कंदगुप्ताचा लेख आहे. ती जुनी अक्षरं लोक पार विसरले होते. 1837 साली प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली. त्यांचा तक्ता हाती धरून हा पोरगा शिळेपाशी अक्षर लावू लागला.

त्या एकाच शिळेवर अक्षराचा प्रवास दिसतो. अशोकाचं अक्षर साधं : उभी रेघ, आडवी रेघ, गोल. राजाचं सांगणं रयतेला कळावं, एवढंच त्याचं काम. पुढे शाई-लेखणीचं वळण दगडात उतरलं. अक्षराचा माथा जाड झाला, मात्रा-वेलांट्यांना डौलदार बाक आला. कामाचं अक्षर कला झालं. नाशिक, कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याच्या टाक्याचं दान देणाऱ्याचं नावही असंच कोरलेलं आहे. कोरणारे हात मात्र निनावी राहिले.

डॉ. भाऊ दाजी लाड यांनी भगवानलालना मुंबईला आणलं. 1874 मध्ये भाऊ दाजी गेले, तरी यांनी काम सोडलं नाही. लेणी-डोंगर फिरून लेखांच्या नकला हाताने उतरवल्या. इंग्रजी बेताचंच, म्हणून गुजरातीत लिहीत. इंग्रजी दुसरे करून देत. तरी 1884 साली हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. शाळा अर्धवट सुटलेल्या आम्हा गिरणी कामगारांना याचं मोल जास्त कळतं.

1882 साली त्यांनी सोपाऱ्याची टेकडी उकरली. लोक तिला बुरुड राजाचा कोट म्हणत. आत दगडी पेटी, बुद्धांच्या आठ मूर्ती, एकात एक करंडक आणि भिक्षापात्राचे मानलेले तुकडे निघाले. सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. शिकारीच्या सहली सोडून राजा धम्मयात्रेला लागला, हे त्यात आहे. तो दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

1888 साली भगवानलाल वारले. ते बौद्ध नव्हते, पण आपला ठेवा त्यांनी आपल्याला वाचून दाखवला. अक्षर कितीही सुंदर असो, वाचणारा उरला नाही तर तो नुसता दगड. म्हणून मुलांना स्तूपावर न्याल तेव्हा वंदना झाल्यावर ही अक्षरंही शिकवा, एवढीच आमची विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!