आर्थर डीन बेव्हन
आर्थर डीन बेव्हन (१८६१ – १९४३) हे अमेरिकेतील शिकागो येथील शल्यचिकित्सक व रश मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक होते. न उतरलेल्या वृषणावरील शस्त्रक्रियेसाठी ते ओळखले जातात.

गर्भावस्थेत वृषण पोटातून वृषणकोशात उतरते. काही मुलांमध्ये ते वाटेतच, बहुधा जांघेत, अडकते. पूर्वी असे वृषण काढून टाकीत किंवा ओढून टाक्यांनी खाली बसवीत; ताणामुळे ते पुन्हा वर सरकत असे. बेव्हन यांनी १८९९ मध्ये निराळी पद्धत मांडली. सोबतची हर्नियाची पिशवी वेगळी करून आणि रक्तवाहिन्या व शुक्रवाहिनी असलेला वृषणरज्जू मोकळा करून त्यांनी वृषण ताणाविना खाली आणले.

तरीही लांबी अपुरी पडल्यास मुख्य रक्तवाहिन्या कापून शुक्रवाहिनीलगतच्या धमनीवर विसंबावे, असे त्यांनी १९०३ मध्ये सुचवले. त्यामुळे वृषण खाली येई, परंतु रक्तपुरवठ्याअभावी ते सुकण्याचा धोका राही. १९५९ मध्ये फाउलर व स्टीफन्स यांनी रक्तवाहिन्या वृषणापासून दूर, वरच्या बाजूस बांधून शुक्रवाहिनीलगतचे वाहिन्यांचे जाळे राखण्याची पद्धत मांडली. जांघेतील वृषणासाठी मात्र वाहिन्या न कापता रज्जू मोकळा करणे हाच आजही शस्त्रक्रियेचा गाभा आहे.