कुठेच न टिकलेला जॉर्ज

होस्टेलच्या रूममेटने चार्जर मागितला तर आपण बिनधास्त देतो. स्टेशनवर अनोळखी माणसाने मागितला तर? हात जरा आखडतोच ना! तो पुढच्या गाडीने गेला, तर परत कुठे भेटणार? या आखडण्यामागचं गणित ज्याच्या समीकरणातून समजतं, तो जॉर्ज प्राइस स्वतः मात्र आयुष्यभर कुठेच टिकला नाही.

१९२२ मध्ये अमेरिकेत जन्म. शिक्षणाने केमिस्ट. आधी अणुबॉम्बचा मॅनहॅटन प्रोजेक्ट, मग बेल लॅब्स, मग आयबीएम. लग्न मोडलं, दोन मुली दुरावल्या. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर खांदा अधू झाला. विम्याचे पैसे आले आणि १९६७ मध्ये गडी थेट लंडनला!

तिथे एकच प्रश्न त्याच्या डोक्यात होता. उत्क्रांतीच्या शर्यतीत दुसऱ्यासाठी झळ सोसणारे जीव टिकलेच कसे? या विषयाची डिग्री नसताना लायब्ररीत बसून त्याने एक समीकरण काढलं. ते बघून युनिव्हर्सिटी कॉलेजने त्याला बसायला खोली दिली. १९७० मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं.

त्या समीकरणातून दिसतं ते असं. गटाच्या आत फुकट्याचीच चांदी असते. पण मदत करणारे जास्त असतील, तर तो अख्खा गट इतर गटांपेक्षा जोमाने वाढतो. आता सगळेच सतत इकडून तिकडे फिरत राहिले तर? सगळे गट सारखेच होतात, चांगल्या गटाचा फायदा संपतो, फुकट्या जिंकतो. पुढे १९७३ मध्ये जॉन मेनार्ड स्मिथसोबत त्याने प्राण्यांच्या भांडणांना गेम थिअरी लावली.

तोवर जॉर्ज बदलला होता. १९७० मध्ये तो श्रद्धाळू ख्रिस्ती झाला. पुढे लंडनच्या बेघरांना घरी आणायला लागला. पैसे, कपडे, सगळं वाटलं. शेवटी स्वतःच बेघर झाला. ज्यांना मदत केली ते ना नात्यातले, ना पुन्हा भेटतील याची खात्री. गणिताप्रमाणे हा तोट्याचाच डाव.

जानेवारी १९७५ मध्ये, खचलेल्या मनःस्थितीत, त्याने आयुष्य संपवलं. वय फक्त ५२. अंत्यविधीला मोजकीच माणसं होती. मेनार्ड स्मिथ, बिल हॅमिल्टन हे दोन मोठे शास्त्रज्ञ, आणि त्यांच्यासोबत काही बेघर.

भटके होते ते. तरी त्या दिवशी आले.