काका बॅप्टिस्टा

दूरदेशीच्या थोर पुरुषांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी आपल्याच पाणवठ्यावर पाणी भरले, त्यांची ओळख आपणांस बहुधा फार उशिरा होते. भाईंदराहून पश्चिमेस निघालेला रस्ता मुर्धे, राई, मोर्वा आणि डोंगरी ही गावे मागे टाकून उत्तनच्या समुद्रकिनाऱ्यास पोहोचतो. ह्या उत्तन गावच्या जॉन बॅप्टिस्टा नामक गृहस्थाच्या पोटी जो पुत्र जन्मला, तो पुढे लोकमान्य टिळकांचा उजवा हात झाला. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा हे त्याचे नाव. महाराष्ट्र मात्र त्यांस काका बॅप्टिस्टा म्हणून ओळखतो.

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत, माझगावच्या म्हातारपाखाडी वाडीत झाला. साष्टी आणि वसई ह्या प्रांतांवर पोर्तुगिजांचा अंमल असताना येथील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली, पुढे इंग्रज आले. राज्ये बदलली तरी ह्या लोकांचा धर्म टिकला आणि घरातील मराठी बोलीही टिकली. १८८७ साली ह्या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव धारण केले. इंग्रज कंपनीच्या जुन्या सेवेची आठवण त्या नावात होती आणि सरकारी नोकरीत आपला हक्क राहावा अशी त्यामागे आशाही होती. अशा समाजातील सुशिक्षित तरुणाने सरकारची मर्जी संपादून सुखाने राहावे, हाच त्या काळचा राजमार्ग होता. काकांनी तो सोडला, यातच त्यांच्या चरित्राचे मर्म आहे.

त्यांचे प्राथमिक शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत झाले. नंतर पुण्यास त्यांनी अभियांत्रिकीचा अभ्यास केला. तेवढ्यावर समाधान न मानता ते विलायतेस गेले, केंब्रिज येथे राज्यशास्त्राची पदवी घेऊन बॅरिस्टर झाले. त्या काळी आयर्लंडचे लोक इंग्रजांपाशी स्वराज्याचा हक्क मागत होते. आयरिश लोकही ख्रिस्ती आणि त्यांच्यावर राज्य करणारेही ख्रिस्ती. तरीही पारतंत्र्य ते पारतंत्र्यच! धर्म एक असला म्हणून दास्य गोड होत नाही, हा धडा त्या लढ्याने जगाला शिकविला. आयर्लंडच्या चळवळीचा खोल संस्कार मनावर घेऊन काका स्वदेशी परतले. १९०१ साली ते मुंबई महापालिकेत शिरले आणि सतरा वर्षे त्यांनी तेथे नगराची सेवा केली.

१९०८ साली काकांच्या निष्ठेची कसोटी लागली. केसरीतील लेखांबद्दल सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. अशा आरोपीच्या शेजारी बसणे म्हणजे सरकारचा रोष पत्करणे होय. तथापि काका कायदेशीर साह्यास टिळकांच्या पाठीशी उभे राहिले. नऊ ज्यूरर्सपैकी सात जणांनी टिळकांस दोषी ठरविले, दोघांनी निर्दोषी. आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यासरशी मुंबईच्या गिरणी कामगारांनी गिरण्या बंद पाडल्या. निरक्षर मजुराच्या अंगी केवढी शक्ती वसत असते, ते त्या दिवसांत मुंबईने पाहिले. पुढे विनायकराव सावरकरांवर खटला झाला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांतही काका होते.

टिळक १९१४ साली मंडालेहून सुटून आले. तेव्हापासून स्वराज्याच्या मागणीस संघटनेचे रूप देण्याच्या कामी काका अग्रभागी राहिले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली. तिचे अध्यक्षपद काकांकडे आले आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. स्वतः टिळकांनी कोणतेही पद घेतले नाही. ज्या संघटनेचा प्राण टिळक, तिच्या शिरोभागी एका ख्रिस्ती बॅरिस्टराची निवड व्हावी, यावरून काकांनी संपादन केलेला विश्वास दिसून येतो. १९१७ साली ते पुन्हा विलायतेस गेले आणि तेथील मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांपुढे त्यांनी हिंदुस्थानची बाजू मांडली.

मजुरांचा कैवार हा काकांच्या आयुष्याचा दुसरा मोठा भाग होय. त्या काळी कामगारांच्या संघांस कायद्याचे संरक्षण नव्हते; ते १९२६ च्या कायद्याने मिळाले. त्याच्याही आधी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लाला लजपतराय. स्वागत समितीची धुरा काकांनी वाहिली. दुसऱ्या वर्षी कोळशाच्या खाणींच्या मुलखात, झरिया येथे, अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी काकाच होते.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक निवर्तले आणि राजकारणाचे वारे पालटले. कायदेमंडळांवरील बहिष्कार काकांच्या मनास पटला नाही. मिळेल ते पदरात घेऊन उरलेल्यासाठी झगडावे, ही टिळकांची शिकवण त्यांनी सोडली नाही. लोकांचा ओघ दुसरीकडे वाहत असताना असे उभे राहणे सोपे नसते. टाळ्यांसाठी मत बदलणे मात्र त्यांच्या स्वभावात नव्हते. तरीही मुंबईकरांचे प्रेम आटले नाही. १९२५ साली ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. ज्यास आज आपण महापौर म्हणतो, तेच हे पद.

१८ सप्टेंबर १९३० रोजी काकांची प्राणज्योत मालवली. शिवडीच्या दफनभूमीत त्यांस चिरविश्रांती मिळाली. माझगावच्या टेकडीवरील उद्यानास त्यांचे नाव दिलेले आहे. त्यांनी मागितलेले स्वराज्य सतरा वर्षांनी आले. ते पाहण्याचे भाग्य त्यांस लाभले नाही.

विद्यार्थी मित्रहो, सरकार पदव्या देते, विद्यापीठे उपाध्या देतात. परंतु काका ही पदवी केवळ लोकच देऊ शकतात. आपल्या धर्मावरील श्रद्धा कायम ठेवून मनुष्य साऱ्या देशाचा आप्त होऊ शकतो, हे उत्तनच्या ह्या घराण्यातील पुत्राने दाखवून दिले. उत्तनच्या रस्त्याने जाताना त्याची आठवण आपण ठेवू या. आणि त्याच्यासारखे, सोपी वाट सोडून खरी वाट धरण्याचे बळ आपल्या अंगी येवो, एवढीच इच्छा करू या.