रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर

चित्रकला ही हौसेची गोष्ट; तिच्यावर प्रपंच कसा चालावयाचा, ही शंका आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या घर करून आहे. पाठारे प्रभु ज्ञातीतील एका थोर पुरुषाने या शंकेचे उत्तर आपल्या आयुष्यानेच देऊन ठेविले आहे. त्यांचे अल्प चरित्र आम्ही ज्ञातिबांधवांस सादर करीत आहोत.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरास झाला. जानेवारी १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. जॉन ग्रिफिथ्स हे त्या वेळी तेथील प्रमुख होते. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक धुरंधरांना मिळाले आणि पुढील वर्षी त्याच शाळेत ते शिक्षक झाले.

त्या काळी कलाशाळेतून बाहेर पडणाऱ्या तरुणापुढे हायस्कुलातील ड्रॉइंगमास्तरची जागा हाच खात्रीचा मार्ग असे. धुरंधरांनी स्वतःच्या उदाहरणाने इतर वाटा दाखविल्या. किंकेड यांच्या १९१४ च्या दख्खनी बालकथांच्या पुस्तकासाठी आणि रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढिली. पोस्टकार्डे, रेल्वेची भित्तिपत्रके, व्यक्तिचित्रे, पौराणिक व ऐतिहासिक प्रसंग यांपैकी कोणतेही काम त्यांनी हलके मानिले नाही. नव्या दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रांच्या कामातही मुंबईच्या कलाशाळेबरोबर त्यांचा वाटा होता. सकाळी वर्गात मनुष्याकृतीचे रेखाटन शिकविणारा गुरू स्वतः बाजारात आपल्या कुंचल्याची किंमत मिळवून दाखवितो, हा पाठ कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेला नव्हता. पण विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर तो नित्य घडत होता.

या पाठाचा पाया परिश्रम हा होता. रस्त्यातील माणसे, त्यांची वस्त्रे, उभे राहण्याची ढब हे सारे ते सतत टिपून ठेवीत. मागणी आली की हाताशी अशी शिदोरी असल्यामुळेच इतके विविध काम त्यांच्याकडून होऊ शकले. या विपुलतेमुळे त्यांच्या काही चित्रांत साचेबंदपणा आला, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. तो सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पोटासाठी केलेल्या कामातही रेषेची शिस्त त्यांनी सोडली नाही, हेही तितकेच खरे.

रावबहादूर ही पदवी त्यांना सरकारकडून मिळाली. इंग्रज अधिकाऱ्यांकडे चालत आलेल्या कलाशाळेच्या संचालकपदाचा कार्यभार निवृत्तीच्या सुमारास काही काळ त्यांच्याकडे आला. १९३१ च्या आरंभी ते सेवानिवृत्त झाले. त्या एकेचाळीस वर्षांच्या आठवणी त्यांनी मराठीत लिहून १९४० मध्ये प्रसिद्ध केल्या. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

आपली कन्या अंबिका हिलाही त्यांनी चित्रकलेचे शिक्षण दिले आणि पुढे त्याही चित्रकार म्हणून नावारूपास आल्या. ज्या वृत्तीवर स्वतःचा संसार उभारिला, ती लेकीच्या हाती देण्यात त्यांना संकोच वाटला नाही. घरातील मूल वहीच्या समासात चित्रे काढू लागले, तर आईबापांनी त्याच्या हातची पेन्सिल काढून घेण्यापूर्वी या गोष्टीचे क्षणभर स्मरण करावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे. मात्र ती पेन्सिल रोज झिजली पाहिजे, हेही धुरंधरांचेच शिकवणे, मुलांच्या कानी घालण्यास विसरू नये.