सावित्रीबाईंना सवत आली नाही

बारामती एमआयडीसीत भट्टीवर काम करणारा एक तरुण बायकोला घेऊन आमच्या ओपीडीत आला. लग्नाला सहा वर्षे झालेली, मूल नाही. तिच्या फाइलीत सोनोग्राफीचे ढीगभर रिपोर्ट, गर्भनलिकांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणीसुद्धा. त्याचा एकही कागद नव्हता. सोबतच्या आत्याबाईंनी दुसऱ्या लग्नाचा विषय तिच्यादेखतच काढला. अशा वेळी मला हमखास सावित्रीबाई फुले आठवतात.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगावात जन्म, १८४० मध्ये जोतीरावांशी लग्न, १८४८ पासून पुण्यात मुलींच्या शाळा, अंगावर आलेले शेणाचे गोळे. हे आपण शाळेत शिकलो. त्यांना मूल झाले नाही, हे मात्र धड्यात ओझरतेच येते. घरच्यांनी जोतीरावांमागे दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला. मूल नाही म्हणून सवत आणायची, ही तेव्हाची सर्रास रीत. जोतीरावांनी साफ नकार दिला. दोष पुरुषातही असू शकतो, मग शिक्षा एकट्या बाईला का, असा त्यांचा सवाल होता. तोही नवऱ्याच्या तपासणीची सोय नसलेल्या काळात!

आज वैद्यकशास्त्र त्यांच्याच बाजूने आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा बायकोकडच्या कारणाच्या जोडीने. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांनी एकदमच तपासून घ्यावे. बायको पस्तिशीपुढची असेल, तर सहा महिन्यांतच. वीर्यतपासणी सोपी आणि स्वस्त आहे. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा. बिघाड दिसला तर पुन्हा तपासायचे, एका रिपोर्टवर निकाल लावायचा नाही. भट्टीची धग, तंबाखू आणि शरीर कमावण्यासाठी घेतलेली हार्मोनची इंजेक्शने शुक्रजंतूंना मारक ठरतात. नवे शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून तंबाखू सोडल्यावर तीन महिने तरी धीर धरावा. स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नसेल तर गोळ्या, शुक्रजंतू थोडे कमी असतील तर आययूआय, दोन्ही नलिका बंद असतील तर टेस्ट ट्यूब बेबी. शुक्रजंतू फारच कमी असले तरी इक्सी आहे. त्यात एका स्त्रीबीजात एकच शुक्रजंतू सुईने सोडतात.

सावित्रीबाईंच्या वेळी यातले काहीच नव्हते. १८६३ मध्ये या दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. पुढे जीव द्यायला निघालेल्या काशीबाई या गरोदर विधवेला त्यांनी आसरा दिला आणि तिचा मुलगा १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच यशवंत. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला. सावित्रीबाईंनी स्वतःच टिटवे धरले. यशवंत डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात त्यांनी पुण्याबाहेर दवाखाना उघडला. सावित्रीबाई रुग्ण आणत. प्लेग झालेल्या एका पोराला पाठीवर घेऊन आल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

भट्टीवरचा तो तरुण पुढच्या सोमवारी नमुना द्यायला आला. या वेळी आत्याबाईंना न आणता.